रियाधबाहेर न आवळलेले बोल्ट

अहो, आज इब्राहिमभाई आपली गाडी न्यायला आले होते. तुमच्या जागी जो इंजिनियर येतोय त्यानं ती घ्यायचं कबूल केलंय, पण मागं ट्रेलर अडकवायची लोखंडी हिच काढून द्या म्हणाला, त्याला काही ट्रेलर ओढायचा नाही. इब्राहिमभाई अंगणात गाडीखाली आडवे झाले आणि नटाला पाना लावला. जोर दिला की नटाबरोबर वरचा बोल्टही फिरायचा. डिकीत बसून बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरायला माणूस हवा होता. तुमच्या ऑफिसातली मंडळी चहाचे पेले हातात घेऊन बसली होती, पण कुठं आणि कसं धरायचं ते कुणाला कळेना. मग मीच उठले आणि सुतकातली बाई सगळ्यांदेखत डिकीत चढून बसले.

"वैनी, तुमी कशाला येता?" इब्राहिमभाई खालून म्हणाले.

"कुठं धरायचं ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

धरलं. त्यांनी खालून सगळा जीव लावला. नट काही हलेना. इथली यान्बूची खारी हवा आणि वर तुमचा हात. शेवटी ते बाहेर आले, रुमालानं तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले आणि म्हणाले, "सायबान आवळलेला हाय. ह्यो सुटायचा नाय, कापूनच काडावा लागल." मी नको म्हटलं. घ्यायची तर हिचसकट घ्या म्हणावं. ते बरं म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. अंगणात आता तेलाचा काळा डाग तेवढा आहे, त्यावर निखिल आपली खेळण्यातली गाडी फिरवतोय. मधूनच विचारतो, "पापा कब आएँगे?" मराठीत विचार म्हणून तुम्ही त्याच्यामागं लागायचात ना, आज मी ते म्हटलं नाही. मराठीत विचारलं असतं तर मला सोसलं नसतं.

तुम्ही जाऊन आठवडा व्हायचाय. तुम्ही अजून हॉस्पिटलच्या थंड खोलीत आहात, कागदांवर सह्या व्हायच्यात. शनिवारी जेद्दाहून विमान आहे. तोवर मला तुमच्याशी भांडून घ्यायचंय. लोक म्हणतात, वहिनी, रडून मोकळ्या व्हा. रडतेच आहे की. पण रडण्यानं मोकळं व्हावं असं हे नाहीच. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

रियाधपासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे सगळं, तरी सांगते.

अल मलाझमधलं ते घर मला आधी मुळीच आवडलं नव्हतं. उंच भिंतींचं आवार, वर पांढरं आभाळ, एक कडुलिंबाचं रोपटं आणि तुम्ही घरी येईपर्यंत बोलायला कोणी नाही. मग मला दिवस गेले आणि त्याच घराचं मला कौतुक वाटायला लागलं. कोणत्या खोलीत पाळणा, दोरी कुठं बांधायची, तुमच्या आईला बोलावता येईल का, व्हिसा मिळेल का. तुम्ही ऑफिसातून येताना खजूर आणायचात आणि बी काढून एकेक मला द्यायचात. मी म्हणायचे, मला काय हात नाहीत? तुम्ही म्हणायचात, "हात आहेत, पण तू बीसकट गिळशील, घाईची बाई."

दिवस भरले होते. दवाखान्यात मला भूल दिली, पोट चिरलं, आणि मी जागी झाले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात. तुमच्या बुटांना लाल माती लागली होती, आणि सगळं उरकलेलं होतं. मुलगी होती, आतच गेली होती, एवढं तुम्ही सांगितलंत. हॉस्पिटलचा एक ड्रायव्हर आणि तुम्ही, दोघं जाऊन आला होतात. लहान लेकराला आपल्यात पुरतातच, त्यामुळं त्याबद्दल माझं म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की माझ्यासाठी थांबायला हवं होतं तुम्ही. मी शुद्धीवर येईपर्यंत. एकदा मांडीवर द्यायला हवी होती. तुम्ही म्हणालात, "त्यांनी थांबू दिलं नाही, मालू." मी ते खरं मानलं. आजही मानते. पण कुठं नेलीत, ते तरी सांगायचं होतंत.

"गावाबाहेर," तुम्ही म्हणायचात.

"गावाबाहेर कुठं?"

"तिथं पाहण्यासारखं काही नाही गं. माळ आहे नुसता."

"मला माळच पाहायचाय."

मग तुम्ही उठून नळ दुरुस्त करायला जायचात. आपल्या घरातले नळ त्या काळात जितके दुरुस्त झाले तितके अख्ख्या रियाधमध्ये झाले नसतील.

इब्राहिमभाई तेव्हा सुट्टीवर रत्नागिरीला गेले होते, त्यामुळं त्यांनाही काही माहीत नव्हतं. ते तुमच्या कंपनीतले फॅब्रिकेटर, लोखंडाचं काहीही बनवून देणारे. परत आल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं, तर ते आमसुलांची पुडी घेऊन आले, दारातच उभे राहिले आणि एक शब्द न बोलता परत गेले. मला ते फार बरं वाटलं होतं.

आणि मग तुमची यान्बूला बदली झाली. तिकडं समुद्रावर नवी रिफायनरी उभी राहत होती, जो तो तिकडंच निघाला होता. तुम्ही ती बातमी इतक्या उत्साहानं सांगितलीत की मला तुमचा राग आला. माझे टाके नुकते सुकलेले. मी म्हटलं, "मी येणार नाही."

"म्हणजे? इथं एकटी राहणार?"

"एकटी कशी? ती आहे ना इथं."

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून एक दोन चाकी ट्रेलर मागून आणलात. कंपनीचा ट्रक सामान घेऊन कधी निघेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आपलं आपण न्यायचं. माझ्या म्हणण्याला तुमचं हे असं उत्तर. मी बोलले तर तुम्ही लोखंड आणलंत.

तेव्हापासून घरात बोल्टांशिवाय विषय नाही. ट्रेलर अडकवायची ती लोखंडी बैठक, सगळे जिला हिच म्हणायचे, इब्राहिमभाईंनी जाड पट्ट्या कापून, जोडून, रंग देऊन झकास करून दिली होती. भोकंही पाडली होती. पण तिला गाडीला धरून ठेवणार होते ते बोल्ट. "सगळा भार बोल्टांवर आहे," तुम्ही मला समजावत होतात, जणू मी विचारलंच होतं. "ट्रेलर मागं ओढतो, ब्रेक मारला की पुढं ढकलतो, खड्ड्यात वरखाली उड्या मारतो. एक बोल्ट नरम निघाला की बाकीच्यांवर त्याचा भार पडतो, मग तेही जातात."

मलाझच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात मला बरोबर नेलंत. घरात एकटी बसून राहू नये म्हणून, हे मला तेव्हाही कळलं होतं. दुकानदार येमेनी होता. त्यानं फळीवर मूठभर बोल्ट ओतले आणि तुम्ही सुरू झालात. डोक्यावर तीन रेघा कोरलेले तेवढे बाजूला काढायचे, कोऱ्या डोक्याचे परत सारायचे. रेघा म्हणजे पोलाद कडक आहे, कोरं डोकं म्हणजे काही सांगता येत नाही. मग प्रत्येकावर नट बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्यायचा, कुठं अडकला की तो बाद. मग आटे कुठं संपतात ते नखानं मोजायचं, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये गुळगुळीत दांडा यायला हवा, आटे आले तर तिथूनच तुटतो म्हणे. आणि नटाच्या बाहेर दोनतीन आटे तरी दिसले पाहिजेत, फार लांबही चालत नाही, खाली दगडाला घासतो. दुकानदार कंटाळून गेला, सगळे सारखेच आहेत, आटपा म्हणून मागं लागला. "या सदीक, सब सेम सेम! खलास, यल्ला!"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मी म्हटलं, "अहो, मी मंडईत भेंडी घेते ना, शेंडा मोडून बघत, तसं चाललंय तुमचं."

"भेंडीचं बरं आहे," तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मोडून बघता येते. हे मोडेपर्यंत कळत नाही."

असं काहीतरी बोलायचात आणि पुन्हा कामाला लागायचात. ऐकणाऱ्याचं काय होतं, ते तुमच्या गावीही नसायचं.

घरी आलो तर इब्राहिमभाई आपल्याकडचे बोल्ट घेऊन हजर. साइटवरून आणलेले, जाडजूड, मेहनतीनं निवडलेले. तुम्ही हातात घेतलेत आणि गंमत सुरू झाली. ते बोल्ट बारा मिलिमीटरचे, गाडी अमेरिकन, भोकं अर्ध्या इंचाची.

"सायेब, चार सुतीच हाय ओ. बसतोय बघा कसा."

"बसतो म्हणजे धरतो असं नाही, इब्राहिम. चार सूत म्हणजे अर्धा इंच, जवळजवळ पावणेतेरा मिलिमीटर. हा बारा आहे."

"बारा म्हंजेच चार सूत! जलमभर सळया बांदल्या त्याच हिशोबान. मुंबयत बांदल्या, हितं बांदल्या. एक बिल्डिंग पडली नाय."

"सळई सिमेंटात असते. तिला चहूबाजूंनी सिमेंट धरतं. हा उघड्या भोकात आहे." तुम्ही बोल्ट भोकात घालून हलवलात. खुळखुळ वाजला. "ही एवढीशी फट. रोज थोडी मोठी होणार."

आपल्याकडच्या सगळ्याच कारागिरांचा तो हिशोब, बारा आणि अर्धा इंच एकच. तुमचाही लहानपणी तोच होता, तुमच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही तेच शिकलात, हे तुम्हीच मग कबूल केलंत आणि इब्राहिमभाई मांडीवर थाप मारून हसले. "मंग मला कशाला शाळा शिकवता!" तुम्हीही हसलात. मी स्वयंपाकघरातून बघत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस हसू शकतो. याचं काही गेलंच नाही बहुतेक. जे काय गेलं ते माझं एकटीचंच.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी याच एका वाक्यावरून भांडत राहिले.

शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तुम्ही हिच चढवायला घेतलीत. इब्राहिमभाई येणार होते, पण मी म्हटलं, मी धरते. आवाराच्या भिंती उंच, बाहेरून कोणी बघणारं नाही. मी डिकीत मांडी घालून बसले आणि तुम्ही खाली. मध्ये डिकीचा पत्रा. तुम्ही मला दिसत नव्हतात, मी तुम्हाला दिसत नव्हते. पत्रा पातळ, म्हणून बोल्टच्या डोक्याखाली जाड लोखंडी पट्टी घातली होती, नाहीतर डोकं पत्र्यातून आरपार खाली येईल. आधी सगळे नट नुसते हातानं बसवायचे. मग एकदम एकच आवळायचा नाही, समोरासमोरचे, थोडा हा, थोडा तो. तुम्ही कंपनीतून तो पाना आणला होतात, ठरलेला जोर बसला की टक् असा वाजणारा. नायलॉनचं कडं असलेले नट होते, एकदाच वापरायचे, काढले की फेकायचे.

"धरलंस?"

"धरलं."

"सोडू नको हं."

टक्.

"पुढचा."

प्रत्येक टक् झाला की मला वाटायचं, निघालो. आणखी थोडे निघालो. मी डिकीत वाकून दोन्ही हातांनी पाना धरून बसले होते, पोटावरची चीर ओढत होती, आणि खालून तुमचा जोर माझ्या मनगटापर्यंत येत होता. तेव्हा मी विचारलं. समोरासमोर विचारलं असतं तर तुम्ही नळाकडं गेला असतात. खाली आडवं पडल्यावर जाणार कुठं?

"निघायच्या आधी एकदा मला तिथं न्याल का?"

खालचा पाना थांबला. माझ्या हातात ते कळलं. मग तुमचा आवाज आला, "मालू, सैल सोडू नको. नीट धर."

मी नीट धरलं. टक्. आणि त्यानंतर मी तुमच्याशी निघेपर्यंत बोलले नाही.

निघालो. मागं ट्रेलर, त्यात गाद्या, भांडी, शिलाई मशीन आणि तो घडी घालून ठेवलेला पाळणा. तो तुम्ही कोणाला न देता बरोबर घेतलात, तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. गाव संपलं, चेकपोस्ट मागं पडलं, आणि थोड्याच वेळात तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीत. दोन्हीकडं लालसर टेकाडं, एकासारखं एक.

"आता काय?" मौन मोडून मी म्हटलं.

"बोल्ट आवळून घेतो. पहिल्यांदा गाडी धावली की रंग दबतो, पट्ट्या बसतात, थोडं सैल होतं."

"ते शंभरेक किलोमीटर गेल्यावर म्हणाला होतात ना? आपण तर आत्ताच निघालो."

"बघून घेतो." तुम्ही दार उघडलंत, आणि उघडं धरून उभे राहिलात. "उतरतेस का? पाय मोकळे कर."

"या उन्हात? नको मला."

तुम्ही आणखी जरा उभे राहिलात. मग दार लावलंत. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ झाला. आरशात बघितलं तर तुमचे पाय दिसेनात, मला वाटलं, टेकाडाआड गेले असतील, रस्त्यावर दुसरी सोय काय. परत आलात तेव्हा गुडघ्यांना माती. साहजिकच होतं, गाडीखाली माणूस शिरला तर माती लागणारच. तुम्ही गाडी चालू केलीत आणि माझ्या पायाला काहीतरी टोचलं. खाली बघितलं तर पाना. टक् वाजणारा तुमचा पाना, माझ्या पायाशी.

"अहो, पाना इथंच आहे. मग आवळलंत कशानं, दातांनी?"

"बघितले फक्त," तुम्ही म्हणालात. "घट्ट आहेत."

आणि मी हसले, टोमणा मारल्यासारखी. किती हा विसराळूपणा म्हणून. पुढं बुरैदा, मग मदिनेत मुसलमान नसलेल्यांना जाऊ देत नाहीत म्हणून अलीकडून आपल्यासारख्यांचा तो बाहेरचा रस्ता, आणि मग उतारावरून एकदम समुद्राचा वास. सबंध वाटेत तुम्ही पुन्हा एकदाही बोल्टांसाठी थांबला नाहीत. तुमच्यासारखा माणूस, आणि थांबला नाही.

यान्बूनं मला बरं केलं, हे मला मान्य केलं पाहिजे. समुद्र होता, वाऱ्याला मीठ होतं, आपल्याकडची चारसहा कुटुंबं होती. निखिल झाला. तो झाला तेव्हा तुम्ही दवाखान्यात भांडून खोलीत थांबलात, भूल द्यायची नाही म्हणून डॉक्टरशी वाद घातलात, आणि त्याला आधी माझ्या मांडीवर ठेवायला लावलंत. नर्स त्याला पुसायला नेत होती तर तुम्ही वाट अडवून उभे. त्या दिवशी मी तुमचा हात धरून म्हटलं होतं, थँक्यू हो. आपल्यात असं म्हणत नाहीत, पण म्हटलं होतं. पाळणाही त्याच्याच कामी आला. दर शुक्रवारी तुम्ही मासळी आणायचात, देशस्थाच्या घरी मासळी, तुमच्या आईला कळलं असतं तर! मागोमाग यान्बूला आलेल्या इब्राहिमभाईंकडून कालवण शिकलात आणि माझ्यापेक्षा बरं करायला लागलात. मी सुखी होते. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही, ते आज म्हणते. मी तुमच्याबरोबर सुखी होते.

पण वर्षातून एकदा, तो दिवस आला की मी पुन्हा विचारायचे. रियाधला मीटिंगला जाताय ना, मला न्या. एकदा दाखवा. तुम्ही म्हणायचात, "पुढच्या वेळी." मी म्हणायचे, "तुम्हाला जागा तरी आठवतेय का? विसरलात ना?" तुम्ही मान खाली घालून जेवत राहायचात. मी त्याचा अर्थ लावला, विसरले. विसरले म्हणून सांगत नाहीत.

मग ही कावीळ. आधी डोळे पिवळे, मग भूक गेली, मग हॉस्पिटल. तुम्ही म्हणायचात, दोन दिवसांत घरी येतो. मग बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. कधी तुम्ही वडिलांच्या वर्कशॉपमध्ये असायचात, कधी निखिलला दुसऱ्याच नावानं हाक मारायचात. केरळची ती सिस्टर म्हणाली, "मॅडम, कावीळ डोक्यात चढली आहे. काय बोलतात त्यांना कळत नाही."

शेवटच्या दुपारी तुम्ही माझं मनगट पकडलंत. पकड घट्ट होती, मला आश्चर्य वाटलं.

"मालू. रियाध सोडलं तेव्हा थांबलो होतो ना आपण."

"हो. बोल्ट आवळायला."

"बोल्ट नव्हते आवळायचे." तुम्ही दम घेतलात. "ती तिथं आहे. टेकाडाच्या मागं. तुला उतर म्हणालो होतो मी."

सिस्टर माझ्याकडं बघून मान हलवत होती, लक्ष देऊ नका म्हणून. मी खाली वाकले. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? एवढंच म्हणायचं होतं, उतर, ती इथं आहे." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्ही शुद्धीवर होतात, मला कोणी काही सांगू नये, तुम्ही अगदी शुद्धीवर होतात. म्हणालात, "तोंडातून येईना." मग पाणी मागितलंत. रात्र कशीबशी निघाली आणि पहाटे तुम्ही गेलात.

तोंडातून येईना! अहो, एवढा शिकलेला माणूस, अरबांशी अरबीत भांडणारा, इब्राहिमभाईंना पाऊण मिलिमीटरचा फरक समजावून सांगणारा. बायकोला एक वाक्य सांगता येईना? गाडी थांबवता आली, दार उघडता आलं, दार धरून उभं राहता आलं. मला कसं कळावं? तुम्हाला वाटलं मी तुमच्या तोंडाकडं बघून समजेन? मी बघतच नव्हते तुमच्या तोंडाकडं, मी रागावले होते. रागावलेल्या बाईशी स्पष्ट बोलावं लागतं. मी तिथं होते. हाकेच्या अंतरावर, काच वर करून, डोळे मिटून. तुम्ही एकटे गेलात, गुडघे टेकलेत, आणि परत येऊन माझा टोमणा ऐकून घेतलात. आणि मी समजत राहिले, याचं काही गेलंच नाही. मला तुमचा इतका राग येतोय, आणि त्याच रागात तुम्हाला पोटाशी धरावंसं वाटतंय. तुम्ही एकट्यानं कसं वागवलंत हो ते? मीटिंगला म्हणून रियाधला जायचात, तेव्हा प्रत्येक वेळी जायचात ना तिथं? हेही विचारायचं होतं. आता उत्तर कोण देणार?

आता माझी गत ऐका. माझा इकामा, इथं राहायचा परवाना, तुमच्या इकाम्यावर. तुम्ही गेलात तशी मीही इथली उरले नाही. कंपनीच आपली कफील, इथली जामीनदार, त्यांचा माणूस भला आहे, हात जोडून बोलतो, पण म्हणतो, भाभीजी, एक्झिटचा शिक्का बसला की शनिवारच्या विमानानं साहेबांबरोबर जावं लागेल, परत यायचा व्हिसा नाही. मी म्हटलं, मला एक दिवस रियाधला जायचंय. कशाला, विचारलं त्यानं. मी सांगितलं. त्यानं हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, एवढं लांब, नेणार कोण, तुमच्या घरचा पुरुष कोणी नाही बरोबर, वाटेत अडवलं तर काय सांगायचं? त्याचंही खरं आहे. घरचा पुरुष होता, त्याच्या तोंडातून येईना.

इब्राहिमभाईंना आज सांगितलं. गाडी नेण्याआधी, पायरीवर बसून, सगळं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "वैनी, मी जाऊन येन. माज्या परीनं दुवा मागन. खूण काय, ती सांगा." खूण काय सांगू? चेकपोस्टनंतर, लालसर टेकाड. तिथं सगळीच लालसर टेकाडं. डोळे उघडे ठेवले असते तर एखादा दगड, एखादं झुडूप सांगितलं असतं. तरी ते म्हणाले, "कुटल्या तरी एकामागं असंल. सगल्यांमागं जाऊन येन." त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी हात धरून मला उठवलं आणि निखिलला उचलून कडेवर घेतलं.

जागेचं आता एवढ्यावरच भागवायचं. मी तिथं होते, निदान एवढं तुम्ही मला देऊन गेलात. त्याबद्दल तुमच्याशी पुन्हा भांडणार नाही. पण आज पेट्या भरताना एक गोष्ट एकदम मनात आली आणि मी आहे तिथं खाली बसले. इतकी वर्षं मी कुठं, कुठं विचारत राहिले. कशी होती, ते कधी विचारलंच नाही. वाटायचं, आधी जागा कळू दे, मग तिथं बसून सावकाश सगळं विचारीन. नाक कोणासारखं होतं. केस होते का. बोटं तुमच्यासारखी लांब होती का. तुम्हीच एकट्यानं तिला हातात घेतलं होतं, तुम्हीच तिचं तोंड बघितलं होतं. मी तिला नऊ महिने पोटात वागवलं आणि मला तिचा चेहरा माहीत नाही. रविवारी नाशिकला गोदावरीवर तुम्हाला अग्नी देतील. निखिलचा हात धरून मी उभी असेन. तिला पाहिलेले डोळे जगात तेवढेच होते हो.